तीन उकली कुठे गेल्या

साइन २क्ष = कॉस क्ष. ० अंशापासून ३६० अंशांपर्यंत (३६० धरायचा नाही) या समीकरणाच्या सगळ्या उकली काढा.

बारावी सायन्सच्या उजळणीतला हा नेहमीचा प्रश्न. माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या वहीत त्याचं उत्तर पाच ओळींत होतं:

साइन २क्ष = कॉस क्ष
२ साइन क्ष कॉस क्ष = कॉस क्ष
२ साइन क्ष = १
साइन क्ष = १/२
क्ष = ३०°

खाली पेन्सिलीनं ताळा केलेला. साइन ६०° म्हणजे √३/२, कॉस ३०° म्हणजे √३/२. पुढं बरोबरची खूण, आणि ती दोनदा गिरवलेली. अक्षर सुबक, प्रत्येक ओळीत बरोबरची चिन्हं एकाखाली एक. या मुलीच्या वहीत खाडाखोड शोधावी लागते.

उकली चार आहेत: ३०°, ९०°, १५०° आणि २७०°. तिला एक मिळाली, तीन गेल्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माडीवरच्या खोलीत मी बरीच वर्षं बारावीचं गणित शिकवते आहे. तिन्ही उकली अशा गेलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की या तीन उकली एकाच वाटेनं गेलेल्या नाहीत. दोन एका ओळीत गेल्या, एक दुसऱ्या ओळीत. दोन्ही ठिकाणी चूक वेगळी आहे आणि तिचा इलाजही वेगळा आहे. मी मात्र कित्येक वर्षं दोन्हींना एकच औषध देत आले.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगते. प्रश्न बहुपर्यायी चाचणीत होता. उकली किती, एवढंच विचारलं होतं. पर्याय होते २, ३, ४ आणि ६. तिचं उत्तर आलं एक, आणि एक तर पर्यायातच नाही. मग तिनं दोनवर खूण केली. का, असं विचारल्यावर म्हणाली, "एकाच्या जवळचा तोच होता, मॅडम." सरळ मनाची मुलगी, जे केलं ते सांगितलं. पुढं म्हणाली, "पण माझं तीस बरोबर आहे की. ताळा जुळतोय."

ताळा जुळत होताच, आणि सगळी मेख तिथंच आहे. लहानपणापासून आपण मुलांना सांगतो, उत्तर आलं की ताळा करून बघ. ताळा जुळला की उत्तर बरोबर. पण ताळ्यानं हातात असलेलं उत्तर खरं की खोटं एवढंच कळतं. जे हातात आलंच नाही त्याबद्दल ताळा काही बोलत नाही. बाजारातून आणलेल्या दहा वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू चांगली आहे हे बघितलं, म्हणून यादीतली अकरावी पिशवीत आली असं होत नाही. तिच्या वहीतली बरोबरची खूण खरी होती आणि तरीही उत्तर अपुरं होतं. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हेच तिला त्या दिवशी पटत नव्हतं.

आता पहिली गळती. दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर येताना कॉस क्ष गेला.

"इथं काय केलंस?"

"दोन्हीकडं कॉस क्ष होता, उडवला."

'उडवला' हा शब्द आमच्याकडं सगळी मुलं वापरतात, आणि शिक्षकही. मीही फळ्यावर तिरकी रेघ मारत हेच म्हणत आले. पण उडवणं अशी क्रिया गणितात नाही. तिथं भागाकार झालेला आहे, आणि भागाकार करताना आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरतो: ज्यानं भागतोय ते शून्य नाही. कॉस क्ष शून्य असेल तर? मग डावीकडं शून्य, उजवीकडं शून्य, समीकरण खरं. म्हणजे कॉस क्ष शून्य करणारा प्रत्येक कोन ही उकल आहे, आणि आपण नेमके तेच कोन बाहेर काढून दार लावून घेतलं. ९० आणि २७० तिथं गेले.

तिला मी एक छोटं समीकरण दिलं. ५क = ३क. "दोन्हीकडचा क उडव." तिनं उडवला. वहीवर राहिलं ५ = ३. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वहीकडं. मग हळूच म्हणाली, "क शून्य आहे." हे समजायला तिला अर्धं मिनिट लागलं आणि ते ती विसरली नाही. पुढच्या प्रत्येक उदाहरणात तिनं सगळं एका बाजूला आणून सामाईक अवयव बाहेर काढला: कॉस क्ष (२ साइन क्ष − १) = ०. गुणाकार शून्य म्हणजे एक तरी अवयव शून्य. दोन दारं, दोन्ही उघडी.

ही गळती बंद करणं सोपं असतं, असा माझा अनुभव आहे. शून्यानं भागू नये हे मुलांना सहावी-सातवीपासून माहीत असतं, फक्त तिरक्या रेघेच्या मागं भागाकार लपलेला आहे हे दिसत नाही. एकदा दिसलं की दिसलं.

दुसरी गळती हट्टी निघाली. साइन क्ष = १/२ वरून ती थेट ३०° वर आली. १५०° चा साइनही १/२ आहे. तो का नाही आला? तिला चरणांची (वर्तुळाच्या चार भागांची) चिन्हं येत नव्हती का? चांगली येत होती. ऑल, सिल्व्हर, टी, कप्स तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. पहिल्या चरणात सगळी धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. दुसऱ्या चरणात साइन धन असतो हे पाठ, आणि तरी दुसऱ्या चरणातला कोन लिहिला नाही. मी दुसऱ्या दिवशी साइन २क्ष = साइन क्ष दिलं. तिनं आता शहाण्यासारखं साइन क्ष (२ कॉस क्ष − १) = ० केलं. मग लिहिलं: साइन क्ष = ० म्हणून क्ष = ०°, कॉस क्ष = १/२ म्हणून क्ष = ६०°. उत्तर संपलं. खरी उत्तरं ०°, ६०°, १८०°, ३००°. दारं दोन उघडली होती, पण प्रत्येक दारातून एकच माणूस आत घेतला.

मी कारण विचारलं. तिचं उत्तर ऐकून मी थांबले. म्हणाली, "मॅडम, साइन इन्व्हर्सचं एकच उत्तर असतं, तुम्हीच सांगितलंय."

मीच सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. फलन (फंक्शन) म्हटलं की आत घातलेल्या एका किमतीला एकच उत्तर हवं. म्हणून व्यस्त साइनची उत्तरं −९०° ते ९०° या पट्ट्यातूनच घ्यायची असं ठरवलेलं आहे, आणि व्यस्त कॉसची ०° ते १८०° मधून. बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात त्रिकोणमितीय समीकरणं आणि व्यस्त फलनं एकाच धड्यात येतात. एका भागात मुलांनी शिकायचं की सगळे कोन शोधा, दुसऱ्या भागात शिकायचं की एकच कोन निवडा. दोन्ही बरोबर. पण 'कोणता कोन निवडू' आणि 'कोणकोणते कोन आहेत' हे दोन निराळे प्रश्न आहेत हे कोणी मोठ्यानं सांगत नाही. त्या मुलीनं एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला दिलं होतं. आळस नव्हता, तिनं नियम पाळला होता.

तिला सूत्र माहीत होतं. साइन क्ष = साइन अ असेल तर क्ष = म×१८०° + (−१) चा म वा घात × अ. म ही कोणतीही पूर्ण संख्या. पाठ होतं, म्हणूनही दाखवलं. पण ते सूत्र तिच्या लेखी उत्तराच्या शेवटी चिकटवायची शेपटी होती. त्यातून कोन बाहेर येतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

हे चाललं होतं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आठ तारखेला क्लास सुटताना ती म्हणाली, "मॅडम, उद्यापासून दोन दिवस लवकर जाऊ का? आज्जीला किरणोत्सवाला न्यायचंय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमची अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा असं करत चांदीच्या उंबऱ्यावर येतात आणि हवा स्वच्छ असली तर गाभाऱ्यात मूर्तीच्या चरणांपासून वर चढतात. परंपरेनं हे दिवस ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. ढग, हवेतलं बाष्प, वाटेत आलेली बांधकामं यांमुळं कधी किरण अलीकडंच विरतात. त्या वेळी मंदिरात जमलेल्या माणसांची नजर फरशीवरून सरकणाऱ्या त्या पट्ट्यावर कशी खिळलेली असते, हे एकदा तरी उभं राहून पाहावं.

मी तिला विचारलं, "किरणोत्सव वर्षातून किती वेळा?"

"दोनदा."

"दोनदाच का? एकदा का नाही?"

तिनं खांदे उडवले. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सूर्य जाताना एकदा आणि येताना एकदा." बरोबर बोलला. सूर्य दक्षिणेकडं जाताना मावळतीची ती जागा ओलांडतो, २१-२२ डिसेंबरला टोक गाठतो, आणि परतताना तीच जागा पुन्हा ओलांडतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. मुलांनी बोटं मोजून हे काढलं आणि वर्गात एकदम गलका झाला. दोन्ही तारखा एका टोकाभोवती आरशासारख्या बसल्या होत्या.

मी फळा पुसला आणि समीकरण लिहिलं. सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्या कोनाला क्रांती म्हणतात. सूर्यानं मार्चमधल्या वसंत संपातापासून आपल्या मार्गावर किती अंश कापले, त्याला भोग म्हणू. मग

साइन (क्रांती) = साइन (२३.४४°) × साइन (भोग)

किरणोत्सवाच्या मधल्या दिवशी, दोन्ही वेळा, सूर्याची क्रांती सुमारे १७.१° दक्षिण असते, म्हणजे −१७.१°. साइन १७.१° = ०.२९४, साइन २३.४४° = ०.३९८. भागाकार करून

साइन (भोग) = −०.७३९

"आता कॅल्क्युलेटर घे," मी तिला म्हटलं. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, पण क्लासच्या कपाटात एक आहे. तिनं व्यस्त साइनचं बटण दाबलं. आलं −४७.६.

"उणे सत्तेचाळीस म्हणजे वर्षात कुठं?"

३६० मिळवून ३१२.४. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. मार्चच्या २०-२१ पासून मोजत गेलो की ३१२.४° भोग येतो १ फेब्रुवारीच्या सुमारास.

"मग नोव्हेंबर कुठं गेला?"

वर्ग गप्प. ती कॅल्क्युलेटरकडं बघत राहिली. यंत्रानं फेब्रुवारीचा किरणोत्सव सांगितला आणि नोव्हेंबरचा गाळला, तोही ऐन नोव्हेंबरात, तिच्या आज्जीचं जायचं ठरलेलं असताना. मग तिनं स्वतःच खडू मागितला आणि लिहिलं: १८० − (−४७.६) = २२७.६. सूर्याचा भोग २२७.६° होतो १० नोव्हेंबरच्या सुमारास.

माझ्या दृष्टीनं हे प्रकरण त्या क्षणी वळलं. पुढचा अर्धा तास मी फार बोलले नाही.

मुलांनीच प्रश्न काढले. एकानं विचारलं, वर्षात एकदाच होईल असं काही आहे का? आहे. सूर्य अगदी दक्षिण टोकाला, साइन (भोग) = −१, भोग फक्त २७०°. तिथं जाताना आणि येताना हे दोन वेगळे राहत नाहीत, वळणबिंदू एकच. आणि कधीच न होणारं? कोल्हापुरात मावळतीची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंश सरकते. रंकाळ्यावर वर्षभर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे डोळ्यांनी माहीत असतं. पश्चिमेपासून तीस अंश दक्षिणेला इथं सूर्य कधी मावळणार नाही. समीकरणात साइन एकाच्या पलीकडं जाईल आणि उकल नसेल. दोन, एक, शून्य. आडवी रेघ लाटेला किती ठिकाणी छेदते त्याचा हा हिशोब, पण आलेखाच्या कागदावर जे त्यांना कोरडं वाटायचं ते आता गावाच्या क्षितिजावर होतं.

एका मुलानं चांगली शंका काढली. सूर्य त्याच जागी मावळतो, मग नोव्हेंबरात सहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास, असं का? दिवसाची लांबी दोन्ही तारखांना जवळपास सारखीच, साधारण ११ तास २५ मिनिटं. पण घड्याळातली दुपार आणि सूर्याची खरी दुपार यांच्यातला फरक वर्षभर बदलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीत सुमारे १३-१४ मिनिटं मागं. त्यामुळं अर्धा तास. आमच्या समीकरणात वेळ हे चलपदच नव्हतं. ते दिशेबद्दल बोलत होतं आणि दिशेपुरत्याच त्या दोन तारखा सारख्या आहेत. हे मला सांगावं लागलं, पण शंका त्याची होती.

इथं थोडं विषयांतर करते. हे समीकरण भारतीय ज्योतिषात फार जुनं आहे. परमक्रांती, म्हणजे क्रांतीची सर्वांत मोठी किंमत, चोवीस अंश धरून सूर्यसिद्धान्तात तिची 'ज्या' (साइन गुणिले त्रिज्या) १३९७ घेतली आहे, त्रिज्या ३४३८. माध्यान्हीच्या सावलीवरून क्रांती काढायची आणि क्रांतीवरून उलट सूर्याचा भोग काढायचा, असं गणित तिथं आहे. उलट जाताना त्यांनाही हीच अडचण आली असणार, कारण पुढं लगेच नियम दिला आहे: सूर्य मेषादि (मेष राशीपासून सुरू होणाऱ्या) चरणात असेल तर आलेला कोन तसाच, कर्कादि असेल तर अर्ध्या चक्रातून वजा, तुलादि असेल तर अर्ध्या चक्रात मिळवा, मकरादि असेल तर पूर्ण चक्रातून वजा. आमचे ४७.६ घ्या. तुलादि, १८० + ४७.६ = २२७.६, नोव्हेंबर. मकरादि, ३६० − ४७.६ = ३१२.४, फेब्रुवारी. ऑल सिल्व्हर टी कप्समध्ये फक्त चिन्हं कळतात. या चार नावांत कोन कसा करायचा तेही आहे आणि सूर्य कुठं आहे तेही. त्या दिवसापासून मी फळ्यावर वर्तुळाच्या चार चरणांत ही चार नावं लिहिते. मुलांना जास्त लक्षात राहतात, निदान आमच्या गावात तरी.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, नोव्हेंबरचंच उत्तर हवं असेल तर फेब्रुवारीचं काढायचं कशाला? त्याला मी भास्कराचार्यांचं माकडांचं उदाहरण सांगितलं. कळपाच्या पाचव्या भागातून तीन कमी करून वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसलं, कळप केवढा? उत्तरं दोन, ५० आणि ५. पाच घेतले तर पाचव्या भागातून तीन जातच नाहीत, म्हणून ते उत्तर भास्कराचार्यांनी नाकारलं. पण आधी दोन्ही मूळं समोर मांडली, मग एक कारण देऊन बाजूला ठेवलं. न दिसलेलं उत्तर आणि नाकारलेलं उत्तर यांत फार अंतर आहे. चाचणीत दोनवर खूण करणाऱ्या मुलीला कुठलंही उत्तर नाकारायचं नव्हतं, तिला ती दिसलीच नव्हती.

आता सूत्र. "पुढच्या वर्षीचा किरणोत्सव?" मी विचारलं. ३६० मिळवा. "गेल्या वर्षीचा?" ३६० वजा. मग तिला सांगितलं, तुझं ते पाठ सूत्र काढ, अ च्या जागी −४७.६ घाल आणि म ला एकेक किंमत दे. तिनं भरलं:

म = ० : −४७.६
म = १ : १८० + ४७.६ = २२७.६
म = २ : ३६० − ४७.६ = ३१२.४
म = ३ : ५४० + ४७.६ = ५८७.६

फेब्रुवारी, नोव्हेंबर, फेब्रुवारी, नोव्हेंबर. म सम असला की फेब्रुवारी, विषम असला की नोव्हेंबर. (−१) चा म वा घात इतके दिवस तिच्यासाठी नुसता वाढीव तुकडा होता. आता तो दोन उत्सवांमध्ये इकडून तिकडं जात होता. तिनं वहीच्या समासात चारही ओळींपुढं महिने लिहिले. ते पान अजून तिच्याकडं आहे.

मग आम्ही मूळ प्रश्नावर परत आलो. कॉस क्ष = ० वरून ९०° आणि २७०°. साइन क्ष = १/२ वरून ३०° आणि १५०°. चार झाल्या. सर्वसाधारण उकल तिनं लिहिली: क्ष = ९०° + म×१८०°, किंवा क्ष = म×१८०° + (−१) चा म वा घात × ३०°. सगळं बरोबर. आणि दोन दिवसांनी ती पुन्हा रडवेली होऊन आली, कारण एका मार्गदर्शिकेत उत्तर होतं: क्ष = ३०° + म×१२०°, किंवा क्ष = ९०° + म×३६०°. "माझं परत चुकलं."

तिचं चुकलं नव्हतं, आणि मार्गदर्शिकेचंही नाही. तिथं कॉस क्ष च्या जागी साइन (९०° − क्ष) लिहिलं होतं. मग साइन २क्ष = साइन (९०° − क्ष). म सम घेतला की २क्ष + क्ष = ९०° + ३६०° च्या पटी, म्हणजे क्ष = ३०° आणि पुढं १२०-१२० ची उडी. म विषम घेतला की क्ष एका बाजूला जाऊन ९०° आणि ३६०° च्या पटी. मी तिला दोन्ही उत्तरांतून ० ते ३६० मधले कोन काढायला लावले. तिच्या पद्धतीनं: ९०, २७० ही एक जोडी, ३०, १५० ही दुसरी. मार्गदर्शिकेच्या पद्धतीनं: ३०, १५०, २७० असे तीन एकत्र, ९० एकटा. चार तेच, फक्त गट निराळे पडले. २७० इकडं ९० च्या जोडीला होता, तिकडं ३० च्या रांगेत गेला. दोन सूत्रं दिसायला वेगळी म्हणून उकली वेगळ्या असं होत नाही. एका आवर्तनातले कोन यादी करून बघितल्याशिवाय बोलू नये. मी वर्गात सांगते, सूत्रांची तोंडं बघू नका, यादी जुळवा. कारण दर ३६० अंशांनी सगळं पुन्हा येतंच, त्यामुळं एका फेरीतले जुळले की सगळे जुळले.

त्याच संध्याकाळी तिनं आलेखाच्या कागदावर साइन २क्ष आणि कॉस क्ष दोन्ही काढले. एका फेरीत साइन २क्ष च्या दोन लाटा, कॉसची एक. ३०, ९०, १५० इथं लागोपाठ तीन छेद, मग बराच वेळ काही नाही, मग एकटा २७०. प्रश्न सोडवायच्या आधी हे कच्चं चित्र काढायला दोन मिनिटं लागतात आणि किती उकली येणार हे आधीच कळतं. आता मी हेच पहिलं करून घेते. आधी किती, मग कोणत्या. उलट क्रमानं शिकवण्यात माझी वर्षं गेली याची मला खंत आहे.

भागाकारानं उकली जातात, तर दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यानं जास्तीच्या येतात; तो मुद्दा थोडक्यात. साइन क्ष + कॉस क्ष = १ मध्ये वर्ग केला की साइन २क्ष = ० मिळतं आणि ०, ९०, १८०, २७० असे चार कोन येतात; त्यातले १८० आणि २७० मूळ समीकरणात बसत नाहीत. इथं ताळा कामाचा, तो उपऱ्यांना बाहेर काढतो. भागाकारात घरचेच बाहेर जातात आणि तिथं ताळा मुका. हे त्या मुलीला एका वाक्यात कळलं.

डिसेंबरात मी वर्गाला अचानक एक प्रश्न दिला, कुठल्याही धड्याचं नाव न घेता. कोल्हापूर १६.७° उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस. तो केव्हा? पेपरात मे महिन्यात बातमी येते, म्हणून वर्गातल्या बहुतेकांनी एकच तारीख लिहिली. त्या मुलीनं साइन (भोग) = साइन १६.७° / साइन २३.४४° = ०.७२२ केलं. ४६.२°, म्हणजे ६ मेच्या आसपास. त्याखाली १८० − ४६.२ = १३३.८°, म्हणजे ५-६ ऑगस्टच्या आसपास. आणि ऑगस्टच्या पुढं लिहिलं होतं, "ढग असतील, पण सूर्य डोक्यावर असेल." कोल्हापूरच्या ऑगस्टात तो दिसण्याची आशा फारशी नसतेच. तारीख तिनं तरीही खोडली नव्हती.

कॉसलाही तिचा हात बसला: कॉस क्ष = कॉस अ असेल तर क्ष = म×३६०° ± अ, अधिक-वजा दोन्ही लिहिते. टॅन मात्र अजून राहिलंय. गेल्या शनिवारी टॅन क्ष = १ ला तिनं ४५° + म×३६०° लिहिलं. ३६० ची इतकी सवय झाली, की टॅन १८० अंशांनीच परत येतो हे सुटलं आणि २२५° गेला. सोमवारी तिथून सुरुवात करायची आहे.